पितळेचे पातेले आणि बाळाचे यकृत

इतिहास म्हटला की राजे, लढाया व तह डोळ्यांपुढे येतात. आम्ही कामगार चळवळीत वाढलेली माणसे. आम्हास भांड्याकुंड्यांचा इतिहासही तितकाच मोलाचा वाटतो. आजची हकीकत दूध तापवण्याच्या पातेल्याची आहे.

‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ हा आपल्या देशातील लहान मुलांचा यकृताचा रोग. कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याचे वर्णन केले. मुलाचे पोट फुगावे, यकृत हाताला कठीण लागावे, पुढे कावीळ व्हावी आणि काही महिन्यांत पाळणा रिकामा व्हावा, असा त्याचा क्रम. कित्येकदा एकाच घरातील पाठोपाठची भावंडे दगावत. मग कोणी कुळाला दोष देई, कोणी नशिबाला.

१९७०च्या दशकात संशोधकांना या मुलांच्या यकृताच्या पेशींत तांबे साठलेले आढळले. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपर्यंत तांबे असते. या मुलांत ते अनेकदा हजारावर जाई. जादा तांबे पित्तावाटे बाहेर पडते. परंतु तान्ह्या बाळाचे यकृत त्या कामी कच्चे असते. मग एवढे तांबे आले कोठून?

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी मिळून याचा माग काढला. बाळाला वरचे दूध केव्हा सुरू केले, ते कोणत्या भांड्यात तापवले, याची चौकशी झाली. १९८३ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी पितळेच्या भांड्यातील वरच्या दुधाकडे बोट दाखवले. १९८७ साली आजारी व निरोगी मुलांच्या आहाराची तुलना प्रसिद्ध झाली. तिनेही हाच रोख दाखवला. दुधातील केसीन हे प्रथिन पितळेतील तांबे धरून ठेवते, हे प्रयोगाने दिसले.

आंबट पदार्थ पितळेत कळकतो हे आपल्या आजीला ठाऊक होते. म्हणून कल्हईवाल्याची हाक आली की भांडी बाहेर निघत. दूध मात्र कळकल्याचे दिसत नाही. कल्हई झिजली तरी त्या पातेल्यात ते तापतच राही.

कावीळ होण्यापूर्वी पेनिसिलामाइन हे औषध दिल्यास मुले वाचू शकतात, हेही याच मंडळींनी दाखवले. परंतु खरा उपाय भांडे बदलण्याचा होता. सल्ला व स्टीलची भांडी घरोघर पोहोचली आणि विसावे शतक संपेपर्यंत हा रोग विरळा झाला.

हा रोग आपल्यापुरताच होता असेही नाही. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागात १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराची १३८ मुले नोंदली गेली. तेथेही बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यातील दूध होते. तेथील संशोधकांना आनुवंशिक दोषाचाही भाग दिसला. आपल्याकडेही तो वाद पुरता मिटलेला नाही. पण भांडे बदलण्यासाठी वाद मिटण्याची वाट पाहावी लागली नाही.

कारखान्यात एकटा कामगार खोकला तर त्याला विडीचा दोष लावतात. खात्यातील सर्वांची नोंद केली की धूळ दिसू लागते. एकेका आईचे दुःख नशीब ठरले होते. त्या दुःखाची नोंद एकत्र झाली, पुण्याचा डॉक्टर व इंग्लंडचा डॉक्टर एका कागदावर आले, तेव्हा पातेले सापडले.

आता तांब्यापितळेची हौस पुन्हा आली आहे. ती जरूर करावी. बाळाचे दूध मात्र त्यात तापवू वा साठवू नये.