खर्ड्याची वाट आणि बार्शीची छोटी गाडी

खर्ड्याचे नाव निघाले की तुम्हांला इ. स. १७९५ ची मराठे-निजामांची लढाई आठवते. पण मंडळी, गावाला आगगाडी कुठली? रूळ खर्ड्यात आलेच नाहीत. गाडी धरायची तर एका अंगाला नगर, दुसऱ्या अंगाला बार्शी. नगरवरून दौंड-मनमाड मार्ग १८७८ पासून जातो. बार्शीची गोष्ट मात्र निराळी.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मुंबई-मद्रास लोहमार्ग वीसएक मैल दूर, कुर्डुवाडीवरून गेलेला. माल तिथवर बैलगाडीने जायचा. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअराने हिशेब मांडला: रुळांमधले अंतर अडीच फूट ठेवायचे, आणि कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार टाकायचा नाही. म्हणजे हलके रूळ पुरतात, खर्च आटोपतो. १८९७ मध्ये गाडी सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारकऱ्यांची तर ती घरचीच गाडी झाली.

पण गुरुजी, मुलांना दुसरी बाजूही सांगा बरं का. कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदले. तिथे पोते न् पोते, गासडी न् गासडी छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवावी लागे. वेळ जाई, हमाली पडे. १९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे ताब्यात घेतली. तरी बार्शीला मोठा रूळ यायला २००८ साल उजाडले.

तेव्हा आपल्या भागात रेल्वेची बोलणी निघाली, की नुसते 'गाडी कधी येणार?' विचारू नका. 'माझे पोते वाटेत न उतरता पेठेपर्यंत जाईल का?' हेही विचारा.