पिवळ्या पायांची वंशावळ

फिक्या रंगाचा ब्रह्मा जातीचा कोंबडा वजनाला ५.४ किलो भरला पाहिजे, कोंबडी ४.३. तुरा उंच करवती नको; वाटाणी हवा, म्हणजे डोक्याला चिकटलेला, बुटका, तीन रांगांचा. अंग पांढरं, मानेवरची पिसं काळी आणि प्रत्येक पिसाला पांढरी कड. पाय पिवळे आणि बोटांपर्यंत पिसांनी झाकलेले. अमेरिकन पोल्ट्री असोसिएशनच्या ‘स्टँडर्ड ऑफ परफेक्शन’ या ग्रंथात हे सगळं लिहिलेलं आहे, आणि प्रदर्शनासाठी ब्रह्मा पाळणारा आपलं प्रत्येक पिल्लू या वर्णनाशी ताडून बघतो. जिवंत पक्ष्याला लिखित नियमात बसवण्याची ही रीत पावणेदोनशे वर्षांच्या आतली आहे, आणि तिच्या मुळाशी एक बाजारी वेड आहे.

इंग्लंडमध्ये १८३५ च्या कायद्यानं कोंबड्यांच्या झुंजींवर बंदी आली. पक्षी निवडून पैदास करण्याचं कसब मात्र शौकिनांच्या हातात तसंच होतं. ते आता पिसाऱ्याकडे आणि बांध्याकडे वळलं. १८४५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात कोंबड्यांचं प्रदर्शन भरलं. त्याच दशकात चीनमधून आलेले धिप्पाड पक्षी व्हिक्टोरिया राणीकडे पोचले, आणि लोकांचे डोळे विस्फारले. १८४९ च्या नोव्हेंबरात बॉस्टनच्या बागेत अमेरिकेतलं पहिलं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा हजाराहून जास्त पक्षी मांडले होते.

पुढची काही वर्षं अमेरिकेला आणि इंग्लंडला कोंबड्यांचा ताप चढला होता. बॉस्टनकडच्या जॉर्ज बर्नहॅम या व्यापाऱ्यानं १८५२ मध्ये राखाडी-पांढऱ्या रंगाचे नऊ पक्षी राणीला भेट पाठवले. ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’नं त्यांचं चित्र छापलं, आणि बारा-पंधरा डॉलरला विकली जाणारी त्याची जोडी शंभर-दीडशेवर गेली. १८५५ साली त्यानंच या तापाचा इतिहास पुस्तकरूपानं लिहिला.

या पक्ष्यांचं कूळ तरी कोणतं? शांघाय बंदरातून आलेल्या कोंबड्या हे त्यांचं एक मूळ. पण शांघायच्या कोंबडीचा तुरा साधा, एकेरी असतो. ब्रह्माचा वाटाणी तुरा आणि कवटीची ठेवण चितगावच्या उंच कोंबड्यांकडे बोट दाखवते. त्या काळी एकाच पक्ष्याला डझनावारी नावं होती, आणि विकणारा सोयीचं नाव सांगायचा. शेवटी १८५२ मध्येच बॉस्टनमध्ये परीक्षकांनी बसून ‘ब्रह्मपुत्रा’ हे नाव ठरवलं, त्याचंच पुढे ब्रह्मा झालं.

नाव ठरलं तरी अस्सल पक्षी ओळखायचा कसा, हा प्रश्न होताच. परीक्षक बदलला की निकाल बदलायचा. १८६५ मध्ये लंडनच्या पोल्ट्री क्लबसाठी विल्यम टेगेटमायर यांनी प्रदर्शनी कोंबड्यांचा पहिला स्टँडर्ड संपादित केला. फिका आणि गडद, दोन्ही ब्रह्मा त्यात आले. अमेरिकन असोसिएशन १८७३ साली बफेलो शहरात स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिचा ग्रंथ निघाला. मला हे पाऊल फार मोलाचं वाटतं. ज्या व्यवहारात विकणाऱ्याची जीभच प्रमाण होती, तिथे कुणालाही वाचता येईल असा मजकूर आला.

त्या मजकुराबरहुकूम पक्षी घडवणं मात्र कष्टाचं. अंडी सुमारे साडेसदतीस अंश सेल्सिअसला एकवीस दिवस उबवायची, दिवसातून अनेकदा फिरवायची, दिव्यासमोर धरून आत जीव धरलाय का ते बघायचं. शेवटचे तीन दिवस फिरवणं थांबवून ओलावा वाढवायचा, नाहीतर आतलं पापुद्र्यासारखं आवरण वाळून पिल्लाला चिकटतं. इथवर यंत्र किंवा खुडूक कोंबडी साथ देते. खरी परीक्षा पिल्लं वाढताना लागते. ब्रह्मा सावकाश वाढतो, पूर्ण रूपात यायला त्याला वर्षाच्या आसपास लागतं. जाणता पैदासकार पांढरी पिसं फुंकरीनं बाजूला सारून कातडीलगतचा रंग बघतो. तिथे निळसर करडी छटा हवी. नुसत्या पांढऱ्याशुभ्र पक्ष्यांचीच जोडी लावत गेलं, तर काही पिढ्यांत मानेवरचा काळा रंगही विरतो. स्टँडर्डची उणीव इथेच आहे: परीक्षकाला पीस दिसतं, पण ती कोंबडी अंडी किती देते आणि पिल्लं किती जगतात, हे टेबलावर दिसत नाही. त्याची नोंद पैदासकारालाच ठेवावी लागते. अनेकांनी ती ठेवली नाही, आणि त्याची किंमत पक्ष्यांनी मोजली.

तरीही या काटेकोरपणानं विज्ञानाला मोठं देणं दिलं. वर्षानुवर्षं वेगळ्या राखलेल्या जातींमुळेच विल्यम बेटसन यांना १९०२ साली कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून दाखवता आलं, की मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम प्राण्यांनाही लागू आहेत.

आणि पिवळे पाय? टेगेटमायर यांच्याकडून माहिती घेणारे चार्ल्स डार्विन १८६८ मध्ये या निष्कर्षावर आले होते, की पाळीव कोंबडीचा पूर्वज एकच, तांबडा रानकोंबडा. पण पिवळ्या कातडीचं जनुक त्याचं नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं ते करड्या रानकोंबड्याकडून आल्याचं दाखवलं. हा पक्षी फक्त भारतात, मुख्यतः दक्षिणेच्या द्वीपकल्पात सापडतो. आपल्या सह्याद्रीत पहाटे आरवतो तो हाच. म्हणजे आपल्याकडच्या रानातल्या पक्ष्याचा अंश माणसाच्या खुराड्यात शिरला, माणसांबरोबर देशोदेशी गेला आणि बॉस्टनच्या प्रदर्शनात मांडला गेला. हे जनुक अप्रभावी आहे. आई आणि बाप दोघांकडून मिळालं तरच पाय पिवळे होतात. म्हणून ब्रह्माच्या कळपात परक्या रक्ताचा एखादा पांढऱ्या पायांचा कोंबडा मिसळला, तर पहिल्या पिढीतच पिल्लांचे पाय फिके पडतात, आणि पिवळा रंग परत आणायला दुसरी पिढी उबवावी लागते.