ओलिव्हेन्साच्या तटावरून

गेल्या वर्षी लेकाकडे लिस्बनला दोन महिने होतो. एका शुक्रवारी तो म्हणाला, "बाबा, चला, आपल्या बेळगावसारखं सीमेवरचं गाव दाखवतो."

शनिवारी एल्व्हास बघितलं. स्पेनच्या हद्दीलगतचं पोर्तुगालचं लष्करी ठाणं. तोफांच्या काळातले जाडजूड तट, चांदणीच्या टोकांसारखे पुढे आलेले बुरूज. २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

रविवारी ग्वादियाना नदी ओलांडून ओलिव्हेन्साला गेलो. १७०९ च्या युद्धात उडवलेला जुना पूल तसाच तुटका उभा आहे, शेजारी नवा. हेही तटबंदीचंच गाव. १२९७ च्या तहाने पोर्तुगालकडे आलं, पाचशे वर्षं तिकडेच राहिलं. १८०१ च्या लढाईत स्पेनने घेतलं. १८१५ ला व्हिएन्नाच्या परिषदेत पोर्तुगालचा दावा रास्त ठरला, १८१७ ला स्पेनने सहीही केली. पण गाव काही परत मिळालं नाही! पोर्तुगालने ती हद्द आजही मान्य केलेली नाही. १९५६ पासूनचा सीमाप्रश्न घरात ऐकत वाढलेल्या मला हे वेगळं समजवायला नको होतं.

किल्ल्याचा बुरूज, मॅग्दालेना चर्चचे दोरखंडासारखे पिळदार खांब, निळ्या चित्रांच्या फरश्या, सगळं पोर्तुगीज. रस्त्यांच्या पाट्यांवर जुनी पोर्तुगीज नावंही लावलीत. बोलणं मात्र स्पॅनिश.

चौकात बाकावर एक आजी बसल्या होत्या. लेक पोर्तुगीजमध्ये बोलला तशा खुलल्या. त्यांच्या घरी आईवडील आपसात पोर्तुगीज बोलायचे, पण मुलांशी स्पॅनिश. शाळेत, नोकरीत अडू नये म्हणून. "मला कळतं, नातवंडांना तेही नाही," म्हणाल्या.

दरबारी स्पॅनिश वरून लादलं गेलं, हे खरंच. पण शेवटचा दरवाजा घरातूनच बंद झाला की हो!

मी गप्प झालो. कारण लिस्बनच्या घरी नात मराठीत अडखळली की मीच इंग्रजीवर यायचो. पोरीला सोपं जावं म्हणून. आणि तरुणपणी मराठीसाठी मोर्चात घसा कोरडा करणारा मीच!

त्या रात्री तिला मराठीत गोष्ट सांगितली. निम्मी कळली नाही तिला. दुसऱ्या दिवशी तीच परत सांगितली. आता रोज फोनवर अर्धा तास, फक्त मराठी.

तुमच्या घरी काय चाललंय मंडळी? सांगा की.