अजमेरचे बोर्ड आणि आमच्या बदल्या

नसीराबाद छावणी अजमेरपासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे. १८१८ साली वसवलेली जुनी छावणी. २८ मे १८५७ रोजी इथल्या पलटणींनी उठाव केला होता, एवढे आम्हाला ठाऊक होते. पण ज्या गोष्टीने माझ्या घरात दोनदा रात्र रात्र खल झाला, तिचे मूळही याच मुलखात आहे हे मला २०१२च्या मे महिन्यात कळले.

थोरल्याचा दहावीचा निकाल नुकताच लागला होता. आर्मी पब्लिक स्कूल, म्हणजे सीबीएसई. त्या वर्षांत सीबीएसईत दहावीला टक्के नव्हतेच, सीजीपीए असायचा. त्याला ९.२ मिळाला. गावाकडे फोन केला तर आईचा पहिला प्रश्न, "टक्के किती?" साडेनऊने गुणून ८७.४ सांगितले, तेव्हा कुठे तिने शेजारी पेढे वाटले. पोराला इंजिनिअर व्हायचे होते. आणि माझी दोन-तीन वर्षांत कुठेही बदली होणार हे नक्की होते. अकरावी कुठे घ्यायची? माझ्याबरोबर ठेवून सीबीएसई करायचे, की साताऱ्याला आजीकडे ठेवून महाराष्ट्र बोर्डातून बारावी सायन्स?

आमच्याकडे एज्युकेशन कोअरचे एक सुभेदार साहेब होते. संध्याकाळी मेसच्या मागे खुर्च्या टाकून बसलो असता मी त्यांना हे विचारले. ते हसून म्हणाले, तुम्ही ज्या बोर्डाबद्दल विचारताय ते इथेच शेजारी, अजमेरला जन्माला आले.

पूर्वी मॅट्रिक आणि इंटर या परीक्षा विद्यापीठे घेत. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक असे, ती हीच. १९१७ ते १९१९च्या कलकत्ता विद्यापीठ आयोगाने सुचवले की इंटरपर्यंतचे शिक्षण विद्यापीठांकडून काढून वेगळ्या बोर्डांकडे द्यावे. त्यानुसार १९२१ मध्ये संयुक्त प्रांताचे बोर्ड निघाले आणि राजपुताना, मध्य भारत व ग्वाल्हेरही त्याच्याच हाताखाली गेले. पुढे १९२९ मध्ये या भागासाठी स्वतंत्र बोर्ड झाले, त्याचे ठाणे अजमेर. अजमेरच का, याचे उत्तर नकाशात आहे. आजूबाजूला सगळी संस्थाने, जयपूर, जोधपूर, उदयपूर, आणि मधोमध अजमेर-मेरवाडा हा थेट इंग्रज सरकारच्या ताब्यातला तुकडा. अनेक राज्यांतल्या शाळांना एकाच परीक्षेला बसवण्याची या बोर्डाला जन्मापासून सवय. १९५२ मध्ये त्याचे नाव केंद्रीय माध्यमिक शिक्षण बोर्ड झाले आणि १९६२ मध्ये त्याची नव्याने बांधणी करून कारभार दिल्लीहून सुरू झाला. अजमेरला त्याचे विभागीय कार्यालय आजही आहे, आणि राजस्थानचे स्वतःचे बोर्डही अजमेरलाच आहे, त्यामुळे रिक्षावाल्याला नुसते "बोर्ड" म्हटले की तो "कौन सा?" असे विचारतो.

१९६२च्या त्या बांधणीमागचा एक हेतू ऐकून मी खुर्चीत सरळ झालो. केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या आणि वारंवार बदली होणाऱ्या आईबापांच्या मुलांची सोय. म्हणजे आमचीच सोय! त्याच सुमारास, दुसऱ्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून, सेंट्रल स्कूलची योजना आली. १९६३-६४ मध्ये ज्या पहिल्या शाळा घेतल्या त्या नवीन बांधलेल्या नव्हत्या. लष्कराची वस्ती जास्त असलेल्या गावांतल्या २० रेजिमेंटल शाळाच सरकारने ताब्यात घेतल्या. त्यांचीच पुढे केंद्रीय विद्यालये झाली. आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी आमची वेलफेअर सोसायटी मात्र बरीच नंतरची, १९८३ची.

माझे वडीलही फौजेत, तोफखान्यात. १९७६ साली ते जबलपूरला होते आणि मी तिथल्या केंद्रीय विद्यालयात पहिलीत बसलो. तिसरी झाली, वडील ईशान्येला फील्डमध्ये गेले आणि आई आम्हा भावंडांना घेऊन कोरेगाव तालुक्यातल्या गावी परतली. गावच्या शाळेत चौथीत पहिल्याच दिवशी गुरुजींनी पाढे म्हणायला सांगितले. सगळी पोरे "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत होती आणि मी "दो एकम दो, दो दूनी चार". वर्ग हसला. एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे आकडे ऐकून माझी इतकी भंबेरी उडायची की बेरीज बरोबर येऊनही उत्तर चुकीचे सांगायचो. गणिताची भीती तिथेच बसली असे मी म्हणत नाही, पण १९८८ला बारावी सायन्सला गणितात जे मार्क पडले ते पाहून वडील काही बोलले नाहीत. तेव्हा सीईटी नव्हती, बारावीच्या पीसीएमवर इंजिनिअरिंगचा प्रवेश मिळे. सरकारी कॉलेज माझ्या मार्कांच्या फार वर होते आणि खासगी कॉलेज वडिलांच्या पगाराच्या. पुढच्या वर्षी मी भरती झालो.

त्यामुळे पोराच्या वेळी बोर्डाचा प्रश्न मला केवळ फॉर्म भरण्याचा वाटत नव्हता.

दहावीनंतरची ही दोन वर्षे मुळात आली कुठून, तेही साहेबांनीच सांगितले. १९६४-६६चा कोठारी आयोग. दौलतसिंह कोठारी म्हणजे उदयपूरचे भौतिकशास्त्रज्ञ, आणि संरक्षण मंत्रालयाचे पहिले वैज्ञानिक सल्लागार. आपल्या संरक्षण संशोधनाची घडी बसवणाऱ्यांपैकी एक. आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. (हे नाव ऐकून मी साहेबांना म्हटले, आजरा म्हणजे आमच्या शेजारच्या कोल्हापुरातले. ते म्हणाले, तुम्हा मराठ्यांना प्रत्येक गोष्टीत आपला माणूस सापडतो.) या आयोगाच्या १०+२+३ आकृतिबंधामुळे महाराष्ट्रात जुनी अकरावीची एसएससी जाऊन १९७५ मध्ये दहावीची एसएससी आली.

त्या "+२"ची दोन वर्षे कुठे ठेवायची हे मात्र राज्याराज्यांत वेगळे ठरले. महाराष्ट्रात ती बहुतेक कॉलेजांना जोडली गेली, कनिष्ठ महाविद्यालय म्हणून. केंद्रीय विद्यालयात आणि आर्मी स्कूलमध्ये ती शाळेतच राहिली. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात एकीकडे गणवेश, प्रार्थना, पालकसभा चालू राहते, आणि दुसरीकडे पोरगा एकदम "कॉलेजला" जातो. वर्गात बसला की नाही हे बघणारा बाप जर दीड हजार किलोमीटरवर असेल तर या फरकाला वजन येते. माझ्या मते बोर्ड निवडताना अभ्यासक्रमापेक्षा हा प्रश्न आधी विचारावा. अभ्यासक्रमाचे अंतर आता पूर्वीइतके राहिलेलेही नाही.

पण २०१२ला मी असा विचार केला नाही. मी साधा हिशोब केला. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगला एमएचटी-सीईटी, सीईटी राज्य बोर्डाच्या अभ्यासक्रमावर, म्हणून राज्य बोर्ड. शिवाय दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून नसली तर प्रवेशाच्या वेळी उमेदवारीचा प्रकारच बदलतो, "टाइप ए"ऐवजी "टाइप बी" आणि त्याची वेगळी कागदपत्रे, ही धास्ती होती. ती धास्ती फुकट होती, कारण पोराची दहावी आधीच राजस्थानात झाली होती. सौ.चे म्हणणे होते की पोराला आपल्याजवळ ठेवा, सोळा वर्षांचा आहे. मी ऐकले नाही. जूनमध्ये मी त्याला साताऱ्याला सोडून आलो. मायग्रेशन सर्टिफिकेट, टीसीवर प्रतिस्वाक्षरी, यासाठी दोन आठवड्यांची रजा संपली. एका कार्यालयातल्या बाबूने सीजीपीए म्हणजे काय हे मला तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा मान हलवून कागद बाजूला ठेवला.

आणि मग नियम बदलले. २०१३ला एआयईईईच्या जागी जेईई मेन आली, तिच्या गुणवत्ता यादीत बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन आले. प्रत्येक बोर्डाचे मार्क सारखे नसतात म्हणून पर्सेंटाइल काढून ते जुळवायचे असे ठरले. २०१४ला महाराष्ट्रानेही इंजिनिअरिंगसाठी स्वतःची सीईटी बाजूला ठेवून जेईई मेन घेतली. ज्या सीईटीसाठी मी पोराला आजीकडे ठेवले ती सीईटी त्याच्या वर्षीच नव्हती. राज्य बोर्डाची पुस्तके पाठ केलेला पोरगा सीबीएसईच्या वळणाच्या परीक्षेला बसला. मार्क बेताचे आले. त्याला कॉम्प्युटर हवे होते, मिळाले सिव्हिल, तेही खासगी कॉलेजात, कर्ज काढून. तो कधी तक्रारीचा शब्द बोलला नाही. एकदा फक्त म्हणाला, "पप्पा, त्या दोन वर्षांत तुम्ही चारदा आलात." मी मोजले होते तीन. म्हणजे त्याने एखादी भेट जास्तच धरली होती.

२०१६ला राज्याची सीईटी परत आली. २०१७ पासून जेईईच्या यादीतून बारावीचे ४० टक्के वजनही गेले. तेव्हा आम्ही सिकंदराबादला होतो आणि धाकटीची दहावी झाली होती.

या मधल्या वर्षांत युनिटमधल्या बऱ्याच जणांची पोरे कोटाला गेली. नसीराबादहून कोटा रातोरात गाठता येते, म्हणून आमच्याकडे त्याची फार चर्चा. एका सिंथेटिक धाग्याच्या कारखान्यातले इंजिनिअर व्ही. के. बन्सल यांनी घरी शिकवण्या घेता घेता तिथली ही लाट उभी केली, हे सगळ्यांना माहीत आहे. तिथे बोर्डाचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सुटतो. पोरगा नावापुरता कुठल्या तरी शाळेच्या पटावर, आणि बसतो क्लासमध्ये. बदलीच्या मुलांसाठी बांधलेल्या बोर्डाचा असाही उपयोग होईल असे १९६२ला कुणाच्या स्वप्नात आले नसेल. मला तो प्रकार पटला नाही आणि परवडलाही नसता.

धाकटीच्या वेळी निर्णय सौ.ने घेतला. सीबीएसई, आर्मी स्कूल, आणि आई घरात. २०१८ला मला फील्ड लागली, पण पोरगी बारावीत म्हणून क्वार्टर ठेवायची परवानगी मिळाली. अकरावी-बारावी हा सीबीएसईत सलग दोन वर्षांचा कोर्स धरतात, मध्ये दुसऱ्या बोर्डातून उडी मारणे जवळजवळ अशक्य. पण सीबीएसईच्याच एका शाळेतून दुसऱ्या शाळेत बापाच्या बदलीमुळे जाता येते. त्यामुळे मलाही झोप लागत होती. फिजिक्स, केमिस्ट्री थिअरी ७०, प्रॅक्टिकल ३०, एनसीईआरटीची पुस्तके, आणि साताऱ्याहून सुट्टीत आणलेली दादाची राज्य बोर्डाची पुस्तके, ज्यांच्या समासात त्याचे बारीक अक्षर होते.

तिने दोन्ही परीक्षा दिल्या. जेईई मेनला नव्वद मिनिटांतच पेपर अंगावर आला असे तिने फोनवर सांगितले. एमएचटी-सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नसते, ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर. तिथे दादाची पुस्तके कामी आली. प्रवेशाच्या वेळी मी चौकीवर, नेटवर्क दिवसातून तासभर. डोमिसाइल, सैनिकी कोट्याचे प्रमाणपत्र, या सगळ्यासाठी माझा भाऊ तहसील कचेरीत आठ दिवस घालत होता. टाइप बी, डिफेन्स, आणि पुण्यातल्या कॉलेजात ई अँड टीसी. राज्य बोर्डाचा थोरला जेईईतून गेला आणि सीबीएसईची धाकटी सीईटीतून.

मागच्या महिन्यात आमच्या युनिटचा एक हवालदार, फलटणकडचा, घरी आला. पोराची दहावी झालीय, बोर्ड कुठले घ्यावे. मी त्याला परीक्षेबद्दल काहीच विचारले नाही. घरी आजी-आजोबा किती वयाचे आहेत, पोरगा चुलत्याचे ऐकतो का, बदली कधी अपेक्षित आहे, आणि वहिनी कुठे राहणार, एवढे विचारले. तो म्हणाला, "साहेब, हे सगळे मी घरी विचारून सांगतो." अजून त्याचा फोन आलेला नाही.