शाळेच्या पायाखालची भूमि



महोत्सवाच्या या अंकांत आपल्या देवळाचा व शाळेचा पूर्वेतिहास इतर लेखकांनीं सांगितलाच आहे. जुन्या शाळेच्या जागीं नवी इमारत उभारण्याचा आपला संकल्पही सर्वांस ठाऊक आहे. तिचे मजले, खिडक्या व दात्यांच्या नांवांच्या पाट्या यांविषयीं आपल्या बैठकींत पुष्कळ चर्चा झाली. परंतु ज्या भूमीवर ती उभी राहावयाची, त्या भूमीविषयीं कोणी चकार शब्द काढला नाहीं. या दोषाचा मोठा वांटा आमचाच आहे. गुरुविद्यालयांत आम्हांस तर्कशास्त्र व ईश्वरज्ञान शिकविण्यांत आलें, मातीचें शास्त्र नव्हे. तें आम्ही पुढें थोडें वाचून आणि थोडें ठेच खाऊन शिकलों.

ती ठेच प्रथम सांगतों. पूर्वीं एका गांवीं असतां एक जुनें बावखल बुजवून त्यावर शाळेच्या दोन खोल्या बांधण्यांत आल्या. कोनशिलेस आशीर्वाद आम्हींच दिला. खालीं काय आहे, हें मात्र विचारलें नाहीं. दुसऱ्या पावसाळ्यांत जमीन खचली व भिंतीस हात जाईल एवढी भेग पडली. सुदैवानें तो रविवार होता. त्या दिवसापासून "सुदैवानें" हा शब्द उच्चारतांना आम्हांस संकोच वाटतो. पुढील इतिहास वाचल्यावर तो कां वाटतो, हें वाचकांस कळेल.

मनुष्य हजारों वर्षें मनोरे व मंदिरें बांधीत आला, परंतु मातीचें शास्त्र तसें अलीकडचें आहे. पिसा येथील देवळाच्या घंटाघराचें काम ११७३ सालीं सुरू झालें. खालची चिकणमाती मऊ असल्यामुळें तें बांधतां बांधतांच कलूं लागलें. या विषयाला शास्त्राचें रूप दिलें तें प्राग येथें जन्मलेल्या कार्ल टेर्झागी यांनीं. १९२५ सालीं व्हिएन्ना येथें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, मातीच्या कणांमधील पाणीही भाराचा वांटा उचलतें. त्या पाण्याचा दाब वाढला कीं कणांची परस्परांवरील पकड सुटते व माती आपलें बळ गमावते. म्हणूनच ओली वाळू भूकंपांत एकाएकीं चिखलासारखी वाहूं लागते आणि भिजलेला डोंगरउतार घसरतो.

आतां शाळांकडे वळूं. शुक्रवार, १० मार्च १९३३ रोजीं अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत लाँग बीच नगराजवळ भूकंप झाला. सुमारें १२० माणसें मेलीं. ७० शाळा जमीनदोस्त झाल्या व आणखी १२० शाळांची मोठी हानि झाली. विटांच्या भिंतींचे सांधे कच्चे होते, छपराशीं त्यांची बांधणी ढिली होती, आणि त्या परिसराचा बराच भाग पाण्यानें भरलेल्या मऊ गाळावर वसलेला होता. परंतु वेळ होती सायंकाळचे ५ वाजून ५४ मिनिटांची. मुलें घरीं गेलेलीं होतीं. पडलेले वर्ग पाहून, भूकंप कांहीं तास आधीं झाला असता तर काय झालें असतें, हें प्रत्येक आईबापास उमगलें. बरोबर एका महिन्यानें, १० एप्रिल १९३३ रोजीं, फील्ड कायदा संमत झाला. सार्वजनिक शाळेचे नकाशे राज्याच्या अधिकाऱ्यांनीं तपासावे, काम चालू असतां स्वतंत्र निरीक्षकानें देखरेख करावी व संबंधितांनीं सहीनिशीं जबाबदारी पत्करावी, असें त्यानें ठरविलें.

हें झालें इमारतीचें. भूमीची पाळी मागाहून आली. ९ फेब्रुवारी १९७१ रोजीं सान फर्नांडो येथें भूकंपानें जमीनच फाटली आणि त्या भेगेवरचीं घरें मोडलीं. तेव्हां सकाळचे ६ वाजले होते. शाळा पुन्हां रिकाम्या होत्या. १९७२ च्या आल्क्विस्ट-प्रिओलो कायद्यानें जागृत भ्रंशरेषेवर वस्तीच्या इमारती बांधण्यास मनाई केली. १९९० सालीं, प्रवाही होणारी वाळू व घसरणारे उतार यांचे नकाशे करण्याचा कायदा झाला. शाळेची जागा निवडण्यापूर्वीं तेथील भूगर्भाचा व मातीचा तपास करावा, असा दंडक त्या राज्याच्या शिक्षण-कायद्यांत आहे.

वेळेनें सर्वांनाच असें वांचविलें नाहीं. वेल्स देशांतील आबरफान या खाणकामगारांच्या गांवीं डोंगरावर कोळशाच्या खाणीचा टाकाऊ मुरूम रचीत असत. सातवा ढीग १९५८ पासून चक्क झऱ्यावर रचला जाऊं लागला. तो झरा नकाशावरही दाखविलेला होता. शाळेच्या मागच्या या धोक्याविषयीं १९६३ सालीं स्थानिक अधिकाऱ्यांनीं लेखी इशाराही दिला होता. २१ ऑक्टोबर १९६६ रोजीं सकाळीं सव्वानऊच्या सुमारास, मुलें वर्गांत असतां, भिजलेला ढीग खालीं धांवत आला आणि त्यानें पँटग्लास शाळा गिळली. मेलेल्या १४४ जणांत ११६ मुलें होतीं. गांवच्या बेथानिया प्रार्थनामंदिरांत प्रेतें ठेवावीं लागलीं. दुपारीं शाळेस सुटी लागावयाची होती. १९६७ च्या चौकशी-अहवालानें राष्ट्रीय कोळसा मंडळास दोषी ठरविलें. हा दुष्टपणा नव्हे, अज्ञान व अपात्रता होती, असा त्याचा निष्कर्ष होता. शाळेच्या भिंतींचा यांत कांहींच अपराध नव्हता. कुंपणाच्या आंतली जमीन पाहून भागत नाहीं. वरचा उतार व पाण्याची वाटही पाहावी लागते, हें आबरफाननें शिकविलें.

इटलीतील सान जुलियानो दी पुलिया या लहानशा गांवीं ३१ ऑक्टोबर २००२ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या आदल्या दिवशीं, भर शाळेच्या वेळीं भूकंप झाला. शाळा कोसळून २७ मुलें व एक शिक्षिका गेलीं. त्या जुन्या इमारतीवर मागाहून वरचा भाग चढविलेला होता, आणि मऊ मातीवर वसलेल्या गांवाच्या नव्या भागास खडकावरील जुन्या भागाहून अधिक हादरे बसले. सरकारी यादींत त्या गांवाची गणना भूकंपप्रवण प्रदेशांत नव्हती.

आपल्याकडेही याहून वेगळें नाहीं. कोयनानगरचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे झाला. किल्लारीचा ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं. किल्लारीस हजारों जीव दगडमातीच्या घरांखालीं गेले आणि दख्खनचा खडक अचल आहे हा समज मोडला. दोन्ही वेळीं शाळा बंद होत्या. २६ जानेवारी २००१ रोजीं सकाळीं कच्छांत अंजार येथें प्रजासत्ताकदिनाच्या मिरवणुकीस निघालेलीं मुलें अरुंद गल्लींत पडत्या घरांखालीं सांपडलीं. आपल्याच पालघर जिल्ह्यांत डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, हें आपण विसरूं नये.

या सर्व घटना एकत्र वाचल्या म्हणजे एकच गोष्ट दिसते. कोठें मुलें वांचलीं, कोठें गेलीं. भेद पुष्कळदां घड्याळाचाच होता. घड्याळ आपल्या हातीं नाहीं. भूमि तपासणें मात्र आहे. मूल शाळेची जागा निवडीत नाहीं. आपण घंटा वाजवितों आणि तें आंत येऊन बसतें. म्हणून त्याच्या पायाखालचा शोध घेणें हें आपलें ऋण आहे.

हें काम अवघड नाहीं. जाणकार अभियंते जागेवर बोअर मारतात. साडेत्रेसष्ट किलोचा घण ७५ सेंटिमीटर उंचीवरून पाडून, नळी ३० सेंटिमीटर आंत जाण्यास किती घाव लागतात तें मोजतात. थरांचे नमुने प्रयोगशाळेंत तपासतात आणि पाणी किती खोलीवर लागतें तें पाहतात. आपली भूमि समुद्राकांठची: कोठें वाळू, कोठें खाडीचा चिखल, कोठें भराव. त्यावरून पाया उथळ चालेल कीं खोल हवा, कीं जागाच बदलावी, हें ठरतें.

येथें गांवच्या वृद्ध मंडळींस आमची विनंति आहे. पूर्वीं कोठें बावखल होतें, कोणता ओहोळ कोणत्या वाडीतून वाहत होता, भरतीचें पाणी कोठवर येत असे, हें तुम्हांस आठवतें. तें येऊन सांगा. बोअर कोठें मारावे, हें ठरविण्यास अभियंत्यांना त्याचा उपयोग होईल.

दात्यांसही एक शब्द. महोत्सव-निधींतील पहिली रक्कम भूमीच्या तपासणीस द्यावी, अशी सूचना आम्ही पुढील बैठकींत मांडणार आहों. तिच्यावर कोणाच्या नांवाची पाटी लागणार नाहीं. काम झाल्यावर तें डोळ्यांस दिसणारही नाहीं. लूकच्या शुभवर्तमानांतील शहाण्या मनुष्यानें घर बांधण्यापूर्वीं खोल खणलें. पूर आला तेव्हां त्याच्या कामास आलें तें हेंच न दिसणारें काम. तपासणीचा अहवाल आल्यावर तो देवळाच्या दारीं सर्वांस वाचावयास लावूं, आणि मगच कोनशिलेस आशीर्वाद देऊं.