आल्झायमर रोग : प्रतिबंधक चाचण्या

वृद्धापकाळी स्मृती व विचारशक्ती यांचा क्रमशः ऱ्हास घडविणारा आल्झायमर रोग लक्षणे दिसण्यापूर्वीच टाळता वा लांबविता येईल काय, हे निरोगी वृद्धांच्या सहभागाने पडताळणाऱ्या वैद्यकीय चाचण्या. आलोइस आल्झायमर (१८६४–१९१५) या जर्मन मनोविकारतज्ञांनी १९०६ मध्ये या रोगाचे प्रथम वर्णन केले. मेंदूत ॲमिलॉइड प्रथिनाचे साठे लक्षणांपूर्वी १५–२० वर्षे जमू लागतात, असे पुढे आढळल्याने प्रतिबंधाच्या कल्पनेस बळ मिळाले.

निरोगी माणसांवर प्रतिबंधक उपाय तपासण्याचे एक जुने उदाहरण मुंबईचे आहे. व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःस टोचून घेतली आणि महिनाअखेरीस, भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली असता, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. लस घेतलेले व न घेतलेले यांतील फरक थोड्याच दिवसांत दिसून आला. बंदिवानाची संमती कितपत स्वतंत्र मानावी, हा प्रश्न मात्र उरतो. आल्झायमर रोग सावकाश वाढत असल्याने त्याच्या चाचण्या वर्षानुवर्षे चालतात. शिवाय सहभागी व्यक्ती निरोगी असल्याने उपायापासून होणारी अल्प हानीही गंभीर ठरते.

याचा प्रत्यय अमेरिकेत आला. ६५ वर्षे वा अधिक वयाच्या ४,५३२ स्त्रियांच्या चाचणीत (निष्कर्ष २००३) एस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही हॉर्मोने घेणाऱ्या गटात ४०, तर दुसऱ्या गटात २१ स्त्रियांना स्मृतिभ्रंश झाला. गिंको वनस्पतीचा अर्क २००८ मध्ये निरुपयोगी ठरला. ॲमिलॉइड वाढलेल्या परंतु लक्षणे नसलेल्या १,१६९ व्यक्तींना सोलानेझुमॅब हे औषध किंवा औषधविरहित द्रव देण्यात आले. सुमारे साडेचार वर्षांनंतरही औषधाने ऱ्हास मंदावला नाही (२०२३). फिनलंडमध्ये १,२६० व्यक्तींपैकी आहार, व्यायाम, बौद्धिक सराव व रक्तदाबादींची देखरेख लाभलेल्या गटाची बौद्धिक कसोट्यांतील प्रगती काहीशी अधिक दिसली (२०१५). तथापि त्यावरून रोग टळतो, असे सिद्ध होत नाही.

रायगड जिल्ह्यातील पेण, रोहे यांसारख्या तालुक्यांतील वृद्धांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. लेखन-वाचनावर बेतलेल्या कसोटीत निरक्षर शेतकऱ्यास कमी गुण मिळाल्यास त्याचे अशिक्षितपण हाच रोग समजला जाण्याचा संभव असतो. हरियाणातील बल्लभगढ येथे १९९० च्या दशकात निरक्षरांसाठी हिंदी कसोटी तयार झाली, ती यामुळेच. भारतातील २०१९ च्या नियमांनुसार समजावून घेतलेली संमती, नीतिसमितीची मान्यता व हानीची भरपाई बंधनकारक आहे. कोकणात अशी चाचणी घ्यावयाची झाल्यास तेथील बोलीतील कसोटी व बोलीतच समजावून घेतलेली संमती या तिच्या पहिल्या पायऱ्या होत.