दोनदा चालवलेली नदी

रिपब्लिकन ही अमेरिकेतली काही बलाढ्य नदी नव्हे. पण १९४३ साली तीन राज्यांनी तिचं पाणी करार करून वाटून घेतलं: कोलोराडोला ११ टक्के, नेब्रास्काला ४९, कॅन्ससला ४०. विहिरींबद्दल करारात स्पष्ट काहीच लिहिलं नाही.

खरं तर विहिरीतून उपसलेलं पाणी शेवटी कुठून तरी कमी होणारच, हे चार्ल्स थाइस या भूजलतज्ज्ञाने १९४० मध्येच मांडलं होतं. पुढे पंप आले, गोल फिरणारे सेंटर पिव्हट आले, नेब्रास्कात मक्याची शेतं वाढली आणि नदी आटत गेली. १९९८ मध्ये कॅन्सस सर्वोच्च न्यायालयात गेलं. करारात विहिरी नाहीतच, असं नेब्रास्काचं म्हणणं. ते टिकलं नाही.

आता प्रश्न उरला मोजण्याचा. नदीत न आलेलं पाणी मोजायचं कसं? २००२ च्या तडजोडीत ठरलं की तिन्ही राज्यांनी मिळून एक मॉडेल बनवायचं. त्यासाठी मॉडफ्लो हे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं प्रोग्रॅम वापरलं. जमिनीचे एक-एक मैलाचे चौकोन पाडले. मग एकच नदी कॉम्प्युटरवर दोनदा चालवायची, एकदा पंप चालू ठेवून, एकदा बंद. प्रवाहातला फरक म्हणजे पंपांनी खाल्लेलं पाणी. कल्पना इतकी साधी आहे की मला तिचा हेवा वाटतो.

गोची वेगळीच निघाली. शेजारच्या प्लॅट नदीचं पाणी कालव्यांतून झिरपून या खोऱ्यात येतं. ते वाटपात धरायचं नाही, असं ठरलेलं होतं. पण नदी कोरडी पडली की गणित चुकायचं: पंपांनी प्लॅटचं पाणी उपसलं तरी ते रिपब्लिकनचं म्हणून नेब्रास्काच्या नावावर पडायचं. कॅन्ससचं म्हणणं, सूत्रावर सह्या तुम्हीच केल्यात.

२०१५ मध्ये निकाल लागला. ठरल्यापेक्षा जास्त पाणी वापरल्याबद्दल नेब्रास्काला एकूण ५५ लाख डॉलर भरावे लागले, पण सूत्रही बदललं. तेही पाच विरुद्ध चार मतांनी! बग दुरुस्त करायला न्यायाधीशांचं मतदान लागलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

हाच प्रश्न आपल्याकडे कृष्णा पाणीतंटा लवादापुढेही होता. १९७६ च्या अंतिम आदेशात बच्छावत लवादाने त्याचं उत्तर बरोबर उलटं दिलं: कुठल्याही राज्याने वापरलेलं भूजल कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून धरायचं नाही. म्हणजे सांगलीजवळ नदीत मोटर टाकून उचललेलं पाणी राज्याच्या वाट्यातून वजा होणार आणि काठावरच्या विहिरीतून उपसलेलं होणार नाही, मग ती विहीर नदीच्याच झिरप्यावर भरत असली तरी.